अनुभव आणायचा कुठून?

नोकरीच्या शोधात असलेल्या नर्सेसची बरीच पत्रं साठली आहेत. त्यांतल्या तीन पत्रांना या वेळी उत्तर देते. ३४ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची ११ वर्षं मेट्रन (हॉस्पिटलातल्या नर्सेसची प्रमुख) म्हणून मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसले. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मला माहीत आहेत, आणि दोन्ही कशा टोचतात तेही.

प्रश्न : ताई, नर्सिंगचा कोर्स होऊन दहा महिने झाले. ६४ ठिकाणी अर्ज केले, चार ठिकाणांहून फोन आला, दोन मुलाखती झाल्या. दोन्हीकडे एकच वाक्य ऐकवलं, ‘दोन वर्षांचा अनुभव हवा.’ पेपरात मात्र सारखं येतं की जगात नर्सेस कमी आहेत. खोटं कोण बोलतंय? आणि कुणी पहिली नोकरीच देणार नसेल तर अनुभव आणायचा कुठून? घरचे म्हणतात, आता दुसरं काहीतरी बघ.

उत्तर : खोटं कुणीच बोलत नाही, तिथेच तर गोम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात हिशेब मांडलाय : २०२३ मध्ये जगात नर्सेस २ कोटी ९८ लाख आणि तुटवडा ५८ लाखांचा. पण हा तुटवडा मोजला जातो रुग्णांना किती हात हवेत त्यावरून. पगाराच्या जागा किती मंजूर आहेत, हा वेगळा कागद असतो आणि तो वेगळ्याच टेबलावर असतो. वॉर्डात एकटी धावणारी सिस्टर दुसरीसाठी कळवळत असते, पण मंजूर जागा एकच. आता हे तुटवड्यात धरायचं की ‘जागा भरली’ म्हणायचं? दोन्ही खरं.

खर्चाला हात आखडले की यात आणखी भर पडते. २००८ च्या मंदीत अमेरिकेत हे ठळकपणे दिसलं. नवऱ्याची नोकरी गेली म्हणून घरी बसलेल्या नर्सेस परत कामावर आल्या, अर्धवेळ करणाऱ्यांनी पूर्णवेळ मागितली, निवृत्तीला टेकलेल्यांनी निवृत्ती पुढे ढकलली. ज्या जागा नव्या मुलींना मिळायच्या त्या अशा आतल्या आत भरल्या. त्या वर्षी पास झालेल्या मुलींचं शिक्षण काही कमी नव्हतं. तुझ्या ६४ अर्जांकडेही जरा असं बघ.

आता ते ‘दोन वर्षं’. नवी मुलगी घेतली की पहिले काही आठवडे तिच्याबरोबर एक जुनी सिस्टर अडकते. ड्युटी लिस्टवर नावं दोन दिसतात, काम मात्र एकीपेक्षाही कमी होतं, कारण जुनीचा अर्धा वेळ शिकवण्यात जातो. पैसे कमी पडले की पहिली कात्री याच आठवड्यांवर चालते. शिवाय पॅट्रिशिया बेनर या नर्सिंगच्या अभ्यासक बाईंनी १९८४ मध्ये नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या मांडल्या होत्या. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं काढली की नर्स तिसऱ्या पायरीवर येते, असं त्या म्हणाल्या. जाहिराती लिहिणाऱ्यांना थेट तिसरी पायरी हवी असते. पहिल्या दोन दुसऱ्या कुणीतरी चढवून आणाव्यात!

पण खरं कारण सांगू? भीती. मुलाखतीत समोर बसलेल्या मुलीकडे बघून मी मनातल्या मनात एकच गोष्ट चाचपायचे : हिला नाइटला एकटी सोडली, तर मला घरी झोप लागेल का? बाकी सगळे प्रश्न त्याच प्रश्नाची पिलावळ. त्यामुळे तुझा अर्ज आणि तुझं बोलणं या भीतीला उत्तर देतंय का, एवढं तपास.

तू सोबत पाठवलेला बायोडेटा पाहिला. ‘कष्टाळू, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड.’ हे मी काही हजार वेळा वाचलं असेल आणि एकदाही त्यावर थांबले नाही. ते काढ. त्याजागी ट्रेनिंगमध्ये कुठल्या वॉर्डात किती आठवडे होतीस, खाटा किती होत्या, एका ड्युटीला किती रुग्ण बघायचीस ते लिही. मग स्वतःच्या हाताने काय केलंस, सिस्टर शेजारी उभ्या असताना काय केलंस आणि नुसतं काय पाहिलंस, असे तीन भाग कर. एका मुलीने ट्रॅकिऑस्टॉमीच्या सक्शनपुढे (गळ्यात बसवलेल्या नळीतला कफ ओढून काढण्याचं काम) सरळ ‘फक्त पाहिलं आहे’ असं लिहिलं होतं. तिला मी घेतली. जी मुलगी न केलेलं काम केलं म्हणत नाही, ती न दिलेलं इंजेक्शन चार्टवर चढवणार नाही, असा माझा हिशेब होता. तो चुकला नाही.

मुलाखतीत एक गणित मी नेहमी द्यायचे : ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचंय, सेट (सलाईनची नळी) २० थेंबांना एक मिलीचा आहे, मिनिटाला किती थेंब? एका हुशार मुलीने पापणी लवायच्या आत सांगितलं, ‘बासष्ट.’ ते आलं कुठून तेही मला कळलं. ५०० ला ८ ने भागलं की साडेबासष्ट येतात, पण ते तासाला मिली. ६० थेंबांच्या मायक्रो सेटला हाच आकडा मिनिटाचे थेंब म्हणून चालतो, आणि तिचं ट्रेनिंग मुलांच्या वॉर्डात झालेलं, जिथे हाच सेट लावतात. साध्या सेटवर मात्र तिच्या हिशेबाने आठ तासांचं सलाईन तीन तासांच्या आत अंगात गेलं असतं. समोर हृदय कमजोर असलेला म्हातारा असता तर फुफ्फुसात पाणी. तिच्यानंतर आलेल्या मुलीने पेन मागितला. १०,००० थेंब, ४८० मिनिटं, हळूहळू भागाकार केला आणि म्हणाली, ‘एकवीस. पण मॅडम, ड्युटीवर असते तर लावण्याआधी दुसऱ्या सिस्टरना एकदा दाखवलं असतं.’ वेळ लागला, घाम आला, एकदा चुकून खोडलंही. नोकरी तिलाच मिळाली.

अनुभव कुठून आणायचा, हा तुझा मुख्य प्रश्न. ज्या दाराशी रांग नाही तिथून. मी स्वतः पास झाल्यावर सात महिने घरी होते. मोठ्या हॉस्पिटलांनी विचारलं नाही, म्हणून रडतखडत एका वृद्धांच्या संस्थेत लागले. बरोबरच्या मुली आयसीयूत मॉनिटर बघतायत आणि मी कुशी बदलतेय, या विचाराने रोज रात्री जीव जळायचा. तिथे एका आजींचा चार्ट माझ्या हातात आला. चार दिवस, तीन पाळ्या, श्वासाच्या रकान्यात सगळीकडे १८, १८, १८. घड्याळाकडे न बघता लिहिलेला आकडा असाच दिसतो. वॉर्डात वावरलेली कुठलीही बाई तो ओळखेल. त्या दिवशी आजी काही खायला तयार नव्हत्या आणि मी जवळ गेले तरी नेहमीसारखी कुरकुर केली नाही. मी त्यांचं मनगट धरून नाडी बघतेय असं दाखवलं (श्वास मोजतोय हे कळलं की माणूस तो बदलतो) आणि पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत राहिले. अठ्ठावीस. ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता. डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही आधी ‘ताप नाही ना?’ म्हणून टाळलं. पुन्हा मोजला, पुन्हा फोन केला. न्यूमोनिया निघाला.

रुग्ण बिघडतोय का हे ओळखायला आज ‘न्यूज’ नावाची जी गुणपद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात, तिच्यात श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त असला की त्या एकाच रकान्याला तीन गुण पडतात आणि रुग्णाला तपासायला ताबडतोब डॉक्टरांना बोलवावं लागतं. आमच्या वेळी असा तक्ता नव्हता, पण आजींचा श्वास तोच होता. पुढे एका मोठ्या हॉस्पिटलच्या मुलाखतीत ‘तुम्ही म्हाताऱ्यांच्याच संस्थेत होता ना?’ असं जरा नाक मुरडून विचारलं, तेव्हा मी ही हकीकत सांगितली. पॅनेलवरच्या बाईंनी पेन खाली ठेवला. मला कळलं, जमलं.

तर वृद्धांची संस्था, डायलिसिस, घरी जाऊन करायची सेवा, पॅलिएटिव्ह (गंभीर आजारात त्रास कमी करणारी सेवा), रक्तपेढी, यांतलं काहीही हलकं समजू नकोस. फक्त एक बघ : तिथे नर्स म्हणून नेमणूक हवी, नियुक्तिपत्र हवं, आणि अडलं तर विचारायला कुणीतरी रजिस्टर्ड माणूस हवं. ‘अनुभव मिळेल, पगार नंतर बघू’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस. फुकट राबणाऱ्याला शिकवायचा वेळ कुणाकडे नसतो. सहा महिन्यांनी हातात साधं अनुभवाचं पत्रही देत नाहीत, हे मी पाहिलंय.

पासष्टावा अर्ज पोर्टलवर टाकण्याआधी आणखी एक कर. ट्रेनिंगच्या काळात जिथे ड्युट्या केल्यास, तिथल्या इनचार्ज सिस्टरना जाऊन भेट. त्यांनी तुला काम करताना बघितलंय, एचआरने बघितलेलं नाही. कायमची जागा नसेल तर बाळंतपणाच्या रजेवरची जागा मोकळी होतेय का, तेवढं विचार. सहा महिन्यांची ती जागा जाहिरातीत क्वचितच येते, इनचार्जच्या डायरीत मात्र असते. मीही अशा जागा तोंडी ओळखीवर भरल्या आहेत. न्याय्य आहे का? नाही. पण होतं असंच.

घरच्यांना सांग, अजून सहा महिने द्या. माझं नावही सांग हवं तर.

प्रश्न : मी ४१ वर्षांची. आठ वर्षं सर्जिकल वॉर्डात काम केलं. मुलं लहान, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, असं करत नऊ वर्षं नोकरी सुटली. आता अर्ज केला की ‘खंड का?’ विचारतात आणि पुढे काहीच होत नाही. वय लपवावं का?

उत्तर : वय कशाला लपवता, ते तुमच्या रजिस्ट्रेशनवर छापलेलं आहे! तेच आधी बघा. नोंदणी चालू आहे की नूतनीकरण राहून गेलंय? राहिलं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि तो कागद करा. त्याशिवाय कुणी आत घेणार नाही, घेऊही नये.

खंडाबद्दल लांबलचक खुलासा नको. ‘कौटुंबिक जबाबदारीमुळे नऊ वर्षं नोकरी केली नाही’, एवढंच लिहा आणि लगेच पुढच्या ओळीत परतीची तयारी सांगा. पॅनेलला तुमच्या संसाराची चौकशी करायची नसते. त्यांना शंका असते ती वेगळीच : बाई जुन्या पद्धती घेऊन येतील आणि नव्या मुलींशी भांडत बसतील. खरं सांगायचं तर ही शंका अगदीच निराधार नाही, मी अशी भांडणं सोडवलेली आहेत. म्हणून बेसिक लाइफ सपोर्टचा (हृदय किंवा श्वास बंद पडला तर लगेच काय करायचं याचा) कोर्स पुन्हा करा. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षांनी संपतं, तुमचं केव्हाच संपलं असणार. तुम्ही वॉर्ड सोडलात त्यानंतर कोविड येऊन गेला. संसर्गापासून बचावाचं किट चढवण्या-उतरवण्याचा क्रम आता सगळ्यांच्या हातात बसलाय, तुम्हाला तो नव्याने शिकावा लागेल. चार्ट बऱ्याच ठिकाणी स्क्रीनवर गेलाय. मुलांना शेजारी बसवून टायपिंगचा सराव करा, त्यात लाज कसली.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ती पत्रात एका शब्दात उडवून लावलीत. अंथरुणाला खिळलेलं माणूस तुम्ही सांभाळलंत. किती काळ? पाठीला जखम झाली का? झाली नसेल तर किती वेळाने कूस बदलायचात? तो नोकरीचा अनुभव म्हणून लिहिता येणार नाही, लिहूही नका, पण मुलाखतीत विषय निघाला तर तपशिलात सांगा. सर्जिकल वॉर्डातली आठ वर्षं आणि हे, दोन्ही ऐकल्यावर मी तरी तुम्हाला डे-केअर सर्जरी किंवा जखमांच्या ड्रेसिंग क्लिनिकला लावून बघितलं असतं. सुरुवातीला रात्रपाळीला ‘नाही’ म्हणू नका. पहिल्या मुलाखतीत तर नाहीच.

प्रश्न : परदेशी हॉस्पिटलात नक्की नोकरी लावतो असं एका एजंटने सांगितलंय. फी मोठी आहे. ‘प्रोसेसिंग’साठी माझी मूळ प्रमाणपत्रंही त्याने ठेवून घेतली आहेत. हॉस्पिटलचं नाव शेवटच्या टप्प्यात सांगणार म्हणतो. पैसे भरू का?

उत्तर : नको. जो नोकरी देतो त्याने भरतीचा खर्च करायचा, उमेदवाराने नाही, हे या धंद्यातलं मान्य झालेलं तत्त्व आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांची परदेशी भरती कशी व्हावी याची आचारसंहिताही जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये केलेली आहे. परीक्षेची, भाषेच्या चाचणीची, नोंदणीची फी तुम्हाला भरावी लागेल, पण ती त्या त्या संस्थेकडे थेट, तुमच्या नावाच्या पावतीवर. हॉस्पिटलचं नाव न सांगणाऱ्याकडे बहुतेक वेळा हॉस्पिटलच नसतं.

पैशांपेक्षा मला तुमच्या प्रमाणपत्रांची काळजी वाटते. तपासणीला साक्षांकित प्रती चालतात. मूळ कागद दाखवायचे, समोर बसून, आणि घेऊन यायचं. उद्या सकाळी घरातल्या दोन माणसांना घेऊन त्याच्या ऑफिसात जा आणि ते परत मागा. टाळाटाळ केली तर तिथूनच पोलीस ठाण्यात. ‘आता इथल्याच एका हॉस्पिटलात मुलाखत आहे, मूळ कागद लागणार आहेत’, असं सांगितलंत तरी चालेल. मी तर म्हणते, तशी एखादी मुलाखत खरोखरच ठरवून टाका.