शिमल्याहून काझाला सायकलवर निघतेस तर गावांना वेळ दे

अगं,

तुझा शिमला-किन्नौर-स्पिती-मनालीचा प्लॅन नीट वाचला. दिशा बरोबर निवडलीस, याचा खूप आनंद झाला. पुष्कळ जण मनालीकडून सुरुवात करतात कारण स्पितीतलं मुख्य गाव काझा तिकडून जवळ पडतं, पण मग मनालीच्या दोन हजार मीटरवरून दोन-तीन दिवसांत कुंझुमची खिंड, म्हणजे साडेचार हजारच्या वर, आणि काझाचा रस्ता फुटतो त्या ग्राम्फूनंतर स्पितीतल्या लोसरपर्यंत वाटेत धड गावसुद्धा नाही, नुसते धाबे आणि तंबू. शिमल्याकडून उंची हळूहळू वाढते आणि मुख्य म्हणजे रोज संध्याकाळी एखादं गाव आहे. मला या गावांबद्दलच बोलायचंय, कारण तुझ्या शीटमध्ये किलोमीटर आहेत, एलेव्हेशन आहे, आणि गावाच्या रकान्यात सगळीकडे फक्त मुक्काम असं लिहिलंय. रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर मारून अंधारात पोचायचं, जेवायचं, झोपायचं, पहाटे निघायचं, असं केलंस तर नारकंडा काय आणि नाको काय, तुला सगळं सारखंच दिसेल. दिवस वाढव. सुट्टी मिळत नसेल तर रूट कमी कर, काझापर्यंत जा आणि बसने परत ये, पण गावं गाळू नकोस.

पहिले दोन दिवस पटकन सांगते. नारकंडा २७०० मीटरवर, तिथून सतलजच्या काठचं रामपूर हजार मीटरच्या आसपास. एवढा उतार सामान लादलेल्या सायकलवर उतरायचा तर ब्रेक पॅड नवे घालूनच घरातून निघ, आणि सतत ब्रेक दाबून ठेवू नको, रिम तापते, मध्ये मध्ये थांब. रामपूर गरम आणि गजबजलेलं आहे, बाजार मोठा आहे, राहिलेलं सगळं तिथे घे, कॅश काढ. पुढे डिरेल्युअर हँगर (गिअर जिथे अडकवतात तो छोटा तुकडा) किंवा तुझ्या साइजची ट्यूब मिळेल असं धरून चालू नको, ते पुण्यातूनच.

पुढचा दिवस मुद्दाम छोटा ठेव. ज्योरीला हायवे सोडून सराहनला सतरा किलोमीटरचा चढ आहे आणि बरेच सायकलवाले तो वाचवायला सरळ पुढे निघून जातात, त्यांचं काय जातं ते त्यांना कळतही नाही. सराहनचं भीमाकाली मंदिर दगड आणि लाकडाचे थर एकावर एक रचून बांधलंय, बुशहर राजघराण्याची ही देवी. आत जाताना डोक्यावर टोपी लागते, ती तिथेच मिळते, आणि चामड्याचं काही असेल तर बाहेर ठेवायचं. दुपारी पोच, आंघोळ कर, संध्याकाळची आरती होईपर्यंत अंगणात बसून राहा. या चढाची तयारी आपल्याकडेच होते गं, वाईहून पसरणी घाट चढ, पाचगणीत चहा घे, उतर आणि लगेच परत चढ, पॅनियरमध्ये, म्हणजे सायकलच्या बाजूच्या पिशव्यांत, पाण्याच्या बाटल्या भरून.

आता कल्पा. इथे मी तुझ्याशी भांडणार आहे. एक रात्र नाही, दोन. खालच्या रेकाँग पिओ गावाहून वर चढताना पाय बोलायला लागतात, आणि वर पोचलं की समोर किन्नौर कैलास, एवढा जवळ की मान वर करूनच बघावं लागतं. पण मी दोन रात्री म्हणतेय त्या नुसत्या डोंगरासाठी नाहीत. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी असं डॉक्टर सांगतात. कल्पा तीन हजारच्या जरा खाली आहे, पुढे नाको साडेतीन हजारच्या वर, तिथे हा नियम मोडतोच, म्हणून कल्प्यात शरीराला वेळ द्यायचा. लक्षात ठेव, आपलं कळसूबाई १६४६ मीटर, शिमलाच त्याच्यापेक्षा उंच आहे. मधल्या दिवशी सायकल ठेव आणि रोघी गावापर्यंत चालत जा.

आणि कल्प्याला एक गोष्ट आठवणीत ठेवून फिर. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत बाकी देशाचं मतदान बहुतेक १९५२ च्या सुरुवातीला झालं, पण इथे बर्फ पडायच्या आधी म्हणून १९५१ च्या ऑक्टोबरमध्येच घेतलं, आणि श्याम सरन नेगी नावाच्या इथल्या शाळामास्तरांनी सगळ्यात आधी मत टाकलं. पुढे प्रत्येक निवडणुकीत ते मत देत राहिले आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, शेवटचं मत देऊन काही दिवसांतच, १०६ व्या वर्षी गेले. मला हे फार मोठं वाटतं. आपल्याला जे गाव नकाशाचं टोक वाटतं तिथून देशाची सुरुवात झालीये, हे माहीत असलं की तिथल्या माणसाशी बोलताना आपला सूर बदलतो. सप्टेंबरमध्ये जाशील तर सफरचंदाचा हंगाम असेल, पेट्या भरायची गडबड, रस्त्यावर ट्रक. फांदी हाताशी आली तरी विचारल्याशिवाय फळ तोडायचं नाही, ते कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहे. विचारलंस तर बहुतेक ओंजळभर मिळतील.

कल्पा ते नाको एका दिवसात लिहिलंयस ते काढून टाक. शंभरेक किलोमीटर आहेत आणि खाबच्या पुलाजवळ सतलज सोडून स्पिती नदीच्या बाजूला लागलीस की नाकोपर्यंत हजार मीटरहून जास्त चढ, झाड नाही, सावली नाही. मध्ये स्पिलो किंवा पूहला थांब. नाकोत तळ्याकाठी जुनी मातीची घरं आहेत, गल्ल्या इतक्या अरुंद की सायकल हातात धरूनच जा. उंचीमुळे रात्री झोप लागली नाही तर घाबरू नको, पुढचं ताबो नाकोपेक्षा खाली आहे. पण डोकं ठणकतंय आणि उलट्या होतायत तर मात्र हट्ट नाही, खाली उतरायचं, सायकल गाडीत टाकून. उंचीच्या त्रासावरच्या औषधाचं जाण्याआधी डॉक्टरांना विचारून घे, ग्रुपमधल्या कुणाच्या सांगण्यावर गोळ्या खाऊ नको.

ताबोचा मठ ९९६ सालचा. बाहेरून मातीच्या भिंती बघून कुणाला वाटेल गोदाम आहे, आत अंधारात डोळे सरावले की भिंतीभर चित्रं दिसायला लागतात. १९७५ च्या भूकंपात नुकसान झालं तरी उभा आहे. आत फोटो काढायचे नाहीत, त्यामुळे घाई न करता बघता येतं. इथेही पूर्ण दिवस ठेव.

स्पितीत पाणी कमी. होमस्टेच्या ताई गरम पाण्याची बादली देतील, एक घे, दुसरी मागू नको. टॉयलेट कोरडं असतं, वर माती टाकायची, त्यात पाणी ओतायचं नाही, ते खत शेताला जातं. प्लास्टिकची बाटली विकत घेऊ नको, उकळलेलं पाणी मागितलं की भरून देतात. आणि आल्या आल्या वायफाय विचारण्याआधी त्यांच्याबरोबर चुलीपाशी बस, वाटाणे सोलत असतील तर तूही सोल, थुक्पा (नूडल्सचं सूप) होईपर्यंत त्या गावाबद्दल जे सांगतील ते कुठे वाचायला मिळणार नाही.

काझाला सामान ठेवून हलक्या सायकलवर वरच्या हिक्किम गावाला जाऊन ये, १९८३ पासून तिथे पोस्ट ऑफिस आहे, मला कार्ड पाठव. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपलं की कुंझुम सोपा जातो. लोसरला मात्र मुक्काम हवाच. कुंझुम ते ग्राम्फू रस्ता दगडाधोंड्यांचा, आणि बर्फ वितळून दुपारनंतर नाल्यांचं पाणी वाढतं, म्हणून नाले सकाळीच ओलांडायचे, बूट काढून नाही, घालूनच, तळाचे दगड धारदार असतात. बातल आणि छत्रूला जेवण मिळतं, रात्रीपुरती जागाही. लोसर सोडलं की फोनचा भरवसा नाही, दोन-तीन दिवस काही कळलं नाही तरी काळजी करू नका असं आईला निघायच्या आधीच सांगून ठेव, आणि माझाही नंबर तिला दे.

ताई