शाळेपासून समुद्र लांब आहे, तरी मुलांना सागरविज्ञान शिकवता येईल का?

नक्की येईल. सुरुवात आर्गो फ्लोटपासून, म्हणजे समुद्रात आपोआप खालीवर जाऊन मोजमापं घेणाऱ्या तरंगत्या यंत्रापासून करा. जगभरच्या समुद्रांत अशी सुमारे ४,००० यंत्रं आहेत. बहुतेक फ्लोट दर १० दिवसांनी २,००० मीटर खोल जातात, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात आणि आकडे उपग्रहामार्फत पाठवतात. ते कुणालाही फुकट मिळतात. एकाच फ्लोटचा आलेख मुलांना हाताने काढू द्या. वरचं कोमट पाणी संपलं की रेघ एकदम वळते, आणि तिथेच ‘असं का?’ सुरू होतं.

खोल समुद्राचा शोध घेणाऱ्या नॉटिलस जहाजाच्या मोहिमांची थेट प्रक्षेपणंही वर्गात जरूर दाखवा.

शिक्षकांना संशोधन जहाजावर नेणारा नोआ (अमेरिकेची समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणारी सरकारी संस्था) हिचा ‘टीचर ॲट सी’ उपक्रम १९९० साली सुरू झाला. कल्पना फार सुंदर, पण तो अमेरिकेतल्या शिक्षकांसाठीच आहे.