लिनक्सचा रिपोर्ट, मेनफ्रेमचा प्रिंटर

प्रश्न : लिनक्स सर्व्हरवरचे रिपोर्ट मेनफ्रेमच्या लाइन प्रिंटरवर काढायचे आहेत. कप्समध्ये (लिनक्सच्या छपाई-प्रणालीत) रांग केली. पीडीएफ पाठवली की पानेच्या पाने कचरा छापला जातो, साधी टेक्स्ट फाइल पाठवली तर काहीच येत नाही.
– एक वाचक, अंधेरी (पूर्व)

उत्तर : पीडीएफचा नाद सोडा, लाइन प्रिंटरला फक्त ओळी कळतात. तुमची फाइल थेट प्रिंटरकडे जातच नाही. झेड-ओएसवरचा (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) एलपीडी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून छपाईची कामे घेणारा प्रोग्राम (पोर्ट ५१५), ती घेऊन जेसच्या (मेनफ्रेमवरची कामे सांभाळणारी प्रणाली) स्पूलमध्ये, म्हणजे छपाईच्या प्रतीक्षा-साठ्यात टाकतो. म्हणून कप्समधली रांग ‘रॉ’ ठेवा, म्हणजे फाइल न बदलता जशीच्या तशी जाईल. ही सोय जुनी झाल्याची कुरकूर कप्स करेल, करू द्या.

खरी गोम फाइलच्या प्रकारात असते. वेगळे सांगितले नाही, तर कप्स ती ‘एल’ प्रकाराची म्हणून पाठवते. एलपीडीच्या कॉन्फिगरेशनमध्ये त्या सर्व्हिसच्या (प्रिंटरच्या नोंदीच्या) फिल्टर्स ओळीत, म्हणजे चालणाऱ्या प्रकारांच्या यादीत, एल नसेल, तर फाइल नाकारली जाते. कप्समधल्या प्रिंटरच्या पत्त्याच्या शेवटी ‘?फॉरमॅट=एफ’ (एफ म्हणजे साधा मजकूर) जोडा (छोट्या रोमन अक्षरांत). पत्त्यातले रांगेचे नाव मात्र मेनफ्रेमवाल्यांनी लिहिलेय तस्सेच, कॅपिटल असेल तर कॅपिटल.

रिपोर्टच्या पहिल्या रकान्यात कागद सरकवायच्या खुणा असतील (१ म्हणजे नवे पान, ० म्हणजे एक ओळ सोडून), तर एफऐवजी ‘आर’ द्या. नाहीतर त्या खुणाच छापल्या जातात आणि सगळे रकाने एक घर उजवीकडे सरकतात. ओळ १३२ अक्षरांत बसवा.

तरीही कागद कोरडा? मेनफ्रेमवर एसडीएसएफ (स्पूलमधली कामे दाखवणारा प्रोग्राम) उघडा. रिपोर्ट एच पडद्यावर असेल तर त्याचा क्लास (आउटपुटचा वर्ग) होल्डचा, म्हणजे रोखून धरण्याचा आहे. ओ पडद्यावर असेल तर प्रिंटरचा क्लास किंवा फॉर्म (कागदाचा प्रकार) जुळत नाही. लिनक्सच्या लॉगमध्ये हे शोधू नका, तिथे काम केव्हाच ‘पूर्ण’ झालेले असते.

चौकोनी कंसांच्या जागी भलतेच चिन्ह आले, तर कोडपेज (कोणत्या अक्षराला कोणता संकेतांक, याचा तक्ता) तपासा: डाव्या कंसाचा संकेतांक १०४७ क्रमांकाच्या कोडपेजमध्ये एडी, ०३७ मध्ये बीए.

प्रश्न : याच प्रिंटरवर खातेदारांची नावे मराठीत येतील का?
– एक वाचक, परळ

उत्तर : नाही. वरच्या १०४७ आणि ०३७ या ईबीसीडिक (मेनफ्रेमची अक्षर-संकेत पद्धत) कोडपेजमध्ये देवनागरीला जागाच नाही. ‘शेळके’ हे नाव युटीएफ-८ (लिनक्सवरची अक्षर-संकेत पद्धत) मध्ये १५ बाइटांचे. छापले तर कचरा, शिवाय पुढची रक्कम रकान्याबाहेर. तेवढी पाने कप्समधून साध्या लेझर प्रिंटरवर काढा, किंवा नावे रोमनमध्ये लिहा.