ओव्हर घेताना हातात टॉर्च ठेव

प्रिय बाळा,

सोमवारपासून तुझी पहिली नाइट, तीही मेडिसिन वॉर्डात. वाचून फार बरं वाटलं. "बाई, सगळ्यात आधी काय शिकू?" असं विचारलंयस. सलाईन लावायला तुला येतंच, हात बसेल तसं आणखी येईल. आधी ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती, घ्यायला आणि द्यायला शीक. आपल्या नोकरीत जे बरं-वाईट घडतं ते बहुतेक त्या वीस मिनिटांतच ठरतं, हे चौतीस वर्षांच्या ड्युट्यांनंतरचं माझं पक्कं मत आहे.

ओव्हर टेबलाशी बसून घेऊ नकोस. संध्याकाळची सिस्टर दमलेली असते, तिची शेवटची एसटी चुकत असते. ती म्हणेल, "सगळे ठीक आहेत, फक्त नऊ नंबरची शुगर बघ." तिची पर्स हवी तर तू धर, पण तिला घेऊन कॉटपाशी जा. टॉर्च लावून सलाईनची जागा सुजलीय का ते बघ, युरीन बॅगेत किती एमएल आहे ते बघ, चादर वर करून पाठ बघ. आणि प्रत्येकाला नाव विचार.

नावाचं जरा सविस्तर सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी सर्जरी वॉर्डात होते. अकरा आणि बारा नंबरच्या कॉटवर दोन पाटील. अकरावाल्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, त्यांना पहाटे एनिमा द्यायचा होता. बारावाले पायाच्या जखमेच्या ड्रेसिंगसाठी पडलेले. बारा नंबरवर पंख्याचा वारा थेट यायचा नि आजोबांचा खांदा धरायचा, म्हणून रात्री दोघांनी गुण्यागोविंदाने कॉट बदलून घेतल्या. साडेपाचला मी एनिमा कॅन घेऊन गेले आणि विचारलं, "पाटीलबाबा ना?" ते म्हणाले, "हो." खोटं काहीच बोलले नाहीत. सगळं यथासांग पार पडलं आणि शेजारच्या कॉटवरून आवाज आला, "सिस्टर, माझा नंबर कधी?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. तशीच इनचार्ज सिस्टरांकडे गेले आणि सांगून टाकलं. त्यांनी आधी आजोबांची नाडी आणि बीपी बघायला लावलं, मग डॉक्टरांना कळवायला लावलं, मग माझ्याच हाताने केस पेपरवर वेळेसकट लिहायला लावलं आणि त्यानंतर मला झाडलं. हा क्रम मी आयुष्यभर पाळला. राऊंडला आजोबा सगळ्यांसमोर म्हणाले, "चार दिवसांनी पोट हलकं झालं बघा. या पोरीच्या हाताला गुण आहे." अख्खा वॉर्ड हसला. पण त्या दिवशी माझ्या हातात एनिमाऐवजी इन्सुलिन असतं तर कोणी हसलं नसतं.

म्हणून "तुम्ही पाटीलच ना?" असं कधी विचारायचं नाही. कमी ऐकू येणारे, घाबरलेले, झोपेतून उठलेले आजोबा कशालाही हो म्हणतात. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं म्हण, त्यांच्या तोंडून येऊ दे आणि केस पेपरशी जुळव. रोज चार वेळा विचारतोस म्हणून एखादा चिडेल. चिडू दे.

इन्सुलिनचं निघालंच आहे तर सांगते. लाल टोपणाची सिरिंज चाळीसच्या व्हायलसाठी, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट असलेल्या बाटलीसाठी; केशरी टोपणाची शंभरच्या. शंभरच्या व्हायलमधलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १६ च्या रेघेपर्यंत भरलंस, तर पेशंटच्या अंगात ४० युनिट जातात. पहाटे तीनला ट्यूबलाइट लुकलुकत असताना लाल आणि केशरी सारखेच दिसतात. टॉर्च त्यासाठीही लागतो. व्हायलवरचा आकडा मोठ्याने वाच. वॉर्डबॉय मामा बघत राहतील की हा एकटाच काय बडबडतोय. खुशाल बघू देत.

वॉर्डातले हे मामा आणि मावशी तुझे पहिले गुरू आहेत. ऑक्सिजनचा सिलिंडर नेमका कधी संपतो, कुठली व्हीलचेअर डावीकडे ओढते, कुणाचा नातेवाईक रात्री दारू पिऊन येतो, हे कुठल्याच रजिस्टरात नसतं. त्यांना नावाने किंवा मामा-मावशी म्हणूनच हाक मार. डबा उघडलास की त्यांना विचारल्याशिवाय खाऊ नकोस.

तुझी एक अडचण मला कधी आली नाही, तुला रोज येणार. तू पुरुष नर्स. कागदावर पदाचं नाव अधिपरिचारिका, वॉर्डात तू ब्रदर, आणि पेशंटची बायको तुला डॉक्टरसाहेब म्हणणार. ऐकायला गोड वाटेल, तरी प्रत्येक वेळी दुरुस्त कर: "मी ब्रदर आहे, मावशी." नाहीतर ती तुलाच विचारेल, "साहेब, यांना कॅन्सर आहे का?" रिपोर्ट काय आला ते डॉक्टरांनी सांगायचं असतं. तू डॉक्टरांना बोलावून आण आणि ते सांगत असताना तिच्याशेजारी उभा राहा. बायकांच्या वॉर्डात कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालायचा असेल तर सिस्टरला बोलव. सिस्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकली असेल तर मावशीला सोबत उभी कर, आधी त्या बाईला विचार, पडदा ओढ. यात तुला कमीपणा नाही.

रेसिडेंट डॉक्टरांना उठवायला घाबरू नकोस. तीस-तीस तास जागलेली पोरं असतात ती, बाकावर बसल्या बसल्या झोपतात, उठवलं की खेकसतात. तू शांतपणे नाव, कॉट, बीपी, नाडी सांग. फोनवर ऑर्डर दिली तर ती परत म्हणून दाखव, लिहून घे आणि सकाळी सही घे. अक्षर लागत नसेल तर अंदाजाने औषध द्यायचं नाही. मी एकाला एकाच रात्री तीनदा उठवून अक्षर विचारलं होतं. चौथ्या वेळी त्याने आपणहून सुवाच्य लिहिलं.

ओव्हरवर मी इतकं का बोलते, सांगू? मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली अरुणा शानभाग तू ऐकली असशील. स्वतः सिस्टर होती. १९७३ साली हॉस्पिटलच्या आवारातच तिच्यावर हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ ला ती गेली, तोवर केईएमच्या सिस्टरांनीच तिचं सगळं केलं. भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं, आणि इतक्या वर्षांत तिला बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ दिले नाहीत. १९७३ साली ज्या जन्मल्याही नव्हत्या, अशा पोरींनीही तिची पाठ बघितली. जवळजवळ बेचाळीस वर्षं, दिवसाला तीन पाळ्या, एकीने दुसरीला दिलेला ओव्हर. मला आजही तो हिशोब करताना भरून येतं. त्यातल्या एकीनेही "सगळं ठीक आहे" म्हणून पर्स उचलली असती तर?

म्हणून तूही सकाळच्या सिस्टरला भरलेला इमर्जन्सी ट्रे दे, कोरडी चादर दे आणि खरं लिहिलेलं रजिस्टर दे. "रात्र शांत गेली" असं लिहू नकोस. पाच नंबरच्या आजी दोनदा उठून बसल्या, मुलाला हाका मारत होत्या, असं लिही. चूक झाली असेल तर ती ओव्हरमध्ये सगळ्यात आधी सांग.

आणि एक. नाइटला काहीही झालं तरी "आज वॉर्ड शांत आहे" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. माझ्यासोबतच्या एका सिस्टरने रात्री अकराला ते उच्चारलं आणि सव्वाअकराला लग्नाच्या जेवणातून विषबाधा झालेलं अख्खं वऱ्हाड आलं, नवरदेवासकट. फेट्यातच त्याला सलाईन लावली. मी हा नियम रिटायर होईपर्यंत पाळला, तूही पाळ.

दोन निळी पेनं, एक लाल, टॉर्चचे जादा सेल आणि स्वेटर घेऊन जा. मंगळवारी सकाळी ड्युटी संपली की मला फोन करायची घाई करू नकोस. आधी आंघोळ कर, गरम काहीतरी खा, झोप. संध्याकाळी कर, मी वाट बघते.

तुझी,
बाई