जलतरणाकडून पेंटॅथलॉनकडे

प्रश्न : माझी सतरा वर्षांची मुलगी ठाण्यात जलतरणाचा सराव करते, परंतु 200 मीटर फ्रीस्टाइलमधील तिची वेळ बरेच दिवस कमी झालेली नाही. फ्रान्सची एलोदी क्लुव्हेल पोहणे सोडून मॉडर्न पेंटॅथलॉनकडे (तलवारबाजी, पोहणे, धावणे, नेमबाजी आणि तेव्हा घोडेस्वारी असा पाच प्रकारांचा खेळ) वळली आणि तिने ऑलिंपिक पदके मिळवली, हे वाचल्यापासून मुलीनेही तोच ध्यास घेतला आहे. एवढ्या उशिरा हा बदल जमेल का?
– एक पालक, कळवा

उत्तर : तुमच्या मुलीने वाचले ते खरे आहे. 1989 साली जन्मलेली क्लुव्हेल आधी जलतरणपटूच होती आणि विशीच्या उंबरठ्यावर तिने खेळ बदलला. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती पदकापासून दूर राहिली. 2016 मध्ये रिओला मात्र ऑस्ट्रेलियाच्या क्लोई एस्पोसितोच्या मागोमाग तिने रौप्यपदक मिळवले. या खेळात ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली फ्रेंच महिला. टोकियोत पदक हुकले, आणि 2024 मध्ये व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारात, घरच्या प्रेक्षकांसमोर, तिने पुन्हा रौप्य जिंकले. हंगेरीच्या मिशेल गुल्याशचे 1461 गुण होते, हिचे 1452.

हा नऊ गुणांचा फरक म्हणजे अंतिम रेषेवरचे नऊ सेकंद, कारण शेवटच्या लेझर रनमध्ये, म्हणजे धावणे आणि नेमबाजी एकत्र असलेल्या प्रकारात, आधीच्या प्रकारांतील आघाडीनुसार खेळाडू मागेपुढे सुटतात आणि एका गुणाला एक सेकंद मोजला जातो. धापा टाकत आलेल्या खेळाडूला दहा मीटरवरच्या लक्ष्यावर लेझर पिस्तुलाने पाच अचूक नेम साधल्याशिवाय, किंवा ठरलेले पन्नास सेकंद संपल्याशिवाय, पुढे धावता येत नाही. पोहण्याने कमावलेला दमसास धावताना कामी येतो. नेमाचा स्थिरपणा निराळा कमवावा लागतो. माझ्या मते खरी कसोटी मात्र तलवारबाजीची आहे, कारण तिथे प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत होते, एका स्पर्शात निकाल लागतो आणि समोरच्याची चाल ओळखण्याची नजर अनेक वर्षांच्या सरावानेच येते. लंडन ते रिओ या क्लुव्हेलच्या चार वर्षांकडे अशा सरावाचा काळ म्हणून पाहावे.

तुमच्या मुलीला एक गोष्ट क्लुव्हेलपेक्षा अनुकूल आहे. टोकियोत जर्मनीच्या आनिका श्लॉयचा घोडा उड्या मारायला तयार होईना आणि तिची आघाडी मातीमोल झाली. त्यानंतरच्या वादातून घोडेस्वारी वगळण्याचा निर्णय झाला आणि 2028 च्या ऑलिंपिकपासून तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत येत आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या कुटुंबाला घोड्याचा खर्च कुठून परवडणार होता? (क्लुव्हेल फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलात आहे, आपल्याकडचे खेळाडू रेल्वे किंवा पोलिसात असतात, तसाच हा प्रकार.)

तेव्हा पोहणे बंद करू नका. आठवड्यातले काही दिवस धावण्याला द्या आणि तलवारबाजीचा वर्ग आत्ताच शोधा. तिथे एपे हा प्रकार शिकवतात का, हे आधी विचारा, कारण पेंटॅथलॉनमध्ये तोच चालतो. पिस्तुलाची खरेदी वर्षभर लांबली तरी चालेल.