आधी बिल, मग मापं

प्रिय अक्का,
शहापुरात माझं ब्लाऊज-ड्रेस शिवायचं दुकान आहे. धाकटी बहीण बेंगळूरला नोकरी करते. एका आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेची भारतातली फेरी ती जिंकली, आता परदेशात फायनलला जाणार. त्या फेरीचा इव्हिनिंग गाऊन मीच शिवला. तिनं मापं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. तीनदा उसवावा लागला, त्यात मे महिन्यातली शाळेच्या युनिफॉर्मची ऑर्डर परत करावी लागली, पण बहिणीसाठीच केलं, त्याचं काही नाही. वाईट याचं वाटलं की इन्स्टाग्रामवर तिनं तो गाऊन ‘बेंगळूरच्या डिझायनरचा’ म्हणून टाकला. आई म्हणते, तिच्या करिअरचा प्रश्न आहे, तू मोठी, तू समजून घे. आता नॅशनल कॉस्च्युमही मीच शिवणार आहे, इरकलीत, कित्तूरच्या राणी चन्नम्माचा. रविवारी ती मापं द्यायला येतेय. तिला आमची लाज वाटते का? बोलू की गप्प बसू?
— एक मोठी बहीण, शहापूर, बेळगाव

युनिफॉर्मची ऑर्डर परत केलीस? आणि वर ‘त्याचं काही नाही’?

बाई, मे महिना म्हणजे टेलरची सुगी. आपल्याकडे शाळा जूनच्या तोंडाला उघडतात, त्याआधी पंधरा दिवस मशीन थंड होत नाही. शाळा एकदा दुसऱ्या टेलरकडे गेली की पुढच्या वर्षीही तिकडेच जाते, कारण पोरांच्या मापांची वही त्याच्याकडे राहते. तू एक सीझन नाही घालवलास, गिऱ्हाईक घालवलंस. आणि पत्रात त्याला अर्धी ओळ दिलीस; बाकी सगळं पत्र इन्स्टाग्रामवर.

तिला लाज वाटते का, याचं उत्तर मला देता येणार नाही आणि तू विचारून तुलाही मिळणार नाही. ती ‘छे गं अक्का’ म्हणेल, तू रडशील, आई दोघींना चहा करून देईल आणि सोमवारी तू पुन्हा फुकट शिवायला बसशील. म्हणून बोलू नकोस. बिल कर.

तुझ्या दुकानातून एक अख्खा गाऊन कागदाशिवाय बाहेर गेला. ज्याचं बिल नाही, त्याचा कारागीर कोण हे ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं ठरवायचं. या क्षेत्रात नाव लावणं ही कुणी केलेली मेहेरबानी नसते, व्यवहाराचा भाग असतो. हरनाज संधू 2021 ची मिस युनिव्हर्स झाली, तिचा फायनलचा गाऊन डिझायनर सायशा शिंदेचा, हे सगळ्या बातम्यांत आलं. मंगळूरची दिविता राय पुढच्या स्पर्धेत सोन्याच्या चिमणीचा पोशाख घालून उभी राहिली, तेव्हा डिझायनर अभिषेक शर्माचं नाव सोबत होतंच. आणि तुझ्या धाकटीला लहान दुकानाचा संकोच असेल, तर सुष्मिता सेन 1994 च्या मिस इंडियाबद्दल काय सांगते ते तिला ऐकव: कापड दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातलं, शिवणारा पेटीकोट शिवणारा टेलर, हातमोजे नव्या पायमोज्यांचे. त्याच वर्षी ती मनिलात मिस युनिव्हर्स झाली.

आता बिलबुक काढ, दुकानाचं नाव छापलेलं. ‘गाऊन शिलाई’ अशी एक ओळ लिहून रक्कम टाकू नकोस. त्या एका ओळीवर घासाघीस होते. वेगवेगळ्या ओळी घाल. फुल लेंथ गाऊनला 44 इंची पन्ह्याचं 5 मीटर तरी कापड जातं, मागे जमिनीवर लोळणारा ट्रेल असेल तर 7, आणि अस्तर जवळपास तेवढंच. चोळीच्या आतलं सुती कापड, बोन म्हणजे चोळी ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या, कमरेची आतली पट्टी, झिप, हूक, सगळं लिही. मग मजुरी, तासांवर. अस्तराचा ब्लाऊज तुला 3 तास घेतो असं धर. बोन घातलेला गाऊन 40 तासांच्या आत निघत नाही. म्हणजे 13 ब्लाऊज. तीनदा उसवलास ती दुरुस्ती निराळी, कारण ती चूक मापांची, तुझी नव्हे.

स्वतःचं माप स्वतः घेताना हात वर जातो, टेप पाठीवर सरकते आणि छाती इंचभर चुकते. उंची अनवाणी मोजलेली असते, गाऊन मात्र 4-5 इंची टाचांवर घालायचा असतो. त्यात स्पर्धेच्या तोंडावर मुली वजन उतरवतात. महिन्यापूर्वीच्या मापाची चोळी ढिली पडते, आणि बिनखांद्याचा गाऊन असेल तर खाली येऊ लागतो. असा गाऊन छातीवर टिकत नसतो, कमरेवर टिकतो. आतली पट्टी झिपच्या आधी, स्वतंत्र हुकानं घट्ट लागली पाहिजे. नाहीतर पोरगी सगळा वेळ दंडानं चोळी दाबत चालते आणि परीक्षकांना चालीऐवजी तेच दिसतं.

युनिफॉर्मचं नुकसान शेवटच्या ओळीत घाल. ‘ऑर्डर रद्द, मे’ आणि रक्कम. ती माफ करायची असेल तर लिहून माफ कर, म्हणजे काय माफ केलं ते तिला वाचता येईल.

आईला यात घेऊ नकोस. ‘मोठी आहेस, समजून घे’ म्हणणाऱ्याच्या खिशातून काही जात नसतं.

रविवारी ती आली की मापाआधी बिल हातात दे. जुनं पूर्ण आणि नव्याचा निम्मा अ‍ॅडव्हान्स, मग टेप गळ्यात. मापं स्टेजवरच्याच टाचा आणि आतले तेच कपडे घालून घे, बाजूच्या शिवणीत इंचभर मार्जिन ठेव. काही भाग उरेब, म्हणजे तिरपा, कापलास तर खालची पट्टी मारण्याआधी दोन रात्री टांगून ठेव, ते कापड वजनानं उतरतं.

आणि त्या चन्नम्मासाठी पुन्हा दुकान बंद करू नकोस. मिस युनिव्हर्समध्ये राष्ट्रीय पोशाखाचं बक्षीसही मुकुटापेक्षा वेगळं असतं. पंख-प्रभावळीचा नाद धरला असेल तर तोही सोड. 1824 मध्ये कंपनी सरकारशी लढलेल्या राणीला पंख कशाला? पाठीवर काही लावायचंच असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची सुटी होणारी चौकट कर आणि भार खांद्यावर न देता कमरेच्या पट्ट्यावर घे. बऱ्याच विमान कंपन्या एका बॅगेला 23 किलो आणि लांबी-रुंदी-उंची मिळून 158 सेंटिमीटर एवढंच देतात. चौकट आधी त्या बॅगेत मावते का बघ, मग कापड काप. इरकलीच्या टोपपदरावर काही टांगू नकोस. अंगाचा आणि पदराचा ताणा तिथे फासे घालून जोडलेला असतो; ओढ बसली की आधी तीच जागा जाते.

तलवार फोमची, वरून चंदेरी रंग. पत्र्याची केलीस तर केबिनमध्ये नेऊ देणार नाहीत आणि बॅगेत वाकेल. तिचीही बिलात वेगळी ओळ.