रांगड्या कांद्यातले डेंगळे : टॉनिकवर पैसे घालवू नका

प्रश्न : रांगडा (उशिरा खरिपाचा) कांदा अडीच महिन्यांचा झालाय, डेंगळे (फुलांचे दांडे) निघू लागलेत. दुकानदार म्हणतो, प्रोटीन टॉनिक दुप्पट मारा. मारू का?

उत्तर : नाही. दुप्पट सोडा, एकपटही नको.

डेंगळा दिसतो आज, पण ठरलेला असतो काही आठवडे आधी, थंडी पडली तेव्हाच. फूल धरायचा सांगावा एफटी नावाचं प्रथिन पोचवतं. पानाच्या शिरांतल्या पेशींत ते तयार होतं, पेशी-पेशींमधल्या सूक्ष्म वाटांनी अन्नवाहिनीत शिरतं आणि साखरेच्या रसाबरोबर कोंबापर्यंत जातं. भातात हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. कांद्यात याच घराण्यातलं एफटी१ गड्डा भरवतं, तर थंडी लागल्यावर वाढणारं एफटी२ फुलाकडे नेतं. कोंबात दांडा धरला की फवारणीने तो माघारी फिरत नाही.

बाटलीतलं प्रोटीन म्हणजे बहुधा तोडलेली प्रथिनं आणि अमिनो आम्लं. त्याचा एफटीशी काही संबंध नाही. अख्खं प्रथिन पातीतून आत जातही नाही. पातीवर बोट फिरवा, पांढरट मेण लागेल. पाणीसुद्धा त्यावरून घरंगळतं. मग दुप्पट मारून कोंबात काय पोचणार? दुकानदाराचं बिल तेवढं दुप्पट होईल.

काही जण आता युरिया टाकायला सांगतात. लावणीपासून साठ दिवसांनंतर नत्र नकोच. माना जाड होतात, कांदा साठवणीच्या चाळीत सडतो. डेंगळा मोडल्यानेही कांदा सुधारत नाही. एक उभा चिरून बघा, मधोमध टणक दांडा दिसेल. असा माल वेगळा काढा, लगेच विका.

पुढच्या वर्षी रोप ४५ ते ५० दिवसांचंच लावा. जास्त दिवसांचं, जाड रोप लावलं की थंडी त्याला लवकर धरते. मजूर मिळाले नाहीत म्हणून पंधरा दिवस थांबलेली रोपं आणि नंतर उभे राहिलेले डेंगळे मी कितीतरी शेतांत पाहिलेत.

आणि या डेंगळ्यांचं बी धरू नका. फुकट मिळतं म्हणून शेजाऱ्यालाही देऊ नका. पहिल्याच हंगामात फुलणारी झाडं तुम्ही स्वतः निवडून वाढवताय. बी धरायचं तर डेंगळा न आलेले, एकसारखे, चाळीत टिकलेले कांदे निवडून पुढच्या हंगामात लावा. बी विकतचं असेल तर पक्कं बिल घ्या आणि पिशवीवरचा लॉट नंबर जपून ठेवा.